सहा इंच वजा

११ जून १९७२, रविवार

पुण्याच्या मुख्य ऑफिसचं पत्र शुक्रवारी आलं आणि माझा रविवार नासला. "आपल्या खारभाठा केंद्राचे भरतीचे आकडे छापील कोष्टकापेक्षा सातत्याने पाच ते सहा इंच अधिक आढळतात. खुलासा व्हावा." खुलासा व्हावा म्हणे! जसा काही मीच रोज बादलीने समुद्रात पाणी ओततो.

खुलासा अगदी सोपा आहे, आणि त्याचं नाव सुकदेव. समुद्र किती चढतो, किती उतरतो, किनारा किती खातो, हे वर्षानुवर्षं मोजून ठेवायचं, एवढंच आमच्या ऑफिसचं काम. सुरतेत त्या कामाचा प्रमुख मी, अरविंद देवकुळे, आणि माझ्या हाताखाली हा एकच माणूस. खाडीच्या तोंडाशी लाकडी पट्टी रोवलेली आहे, तिच्यावर फूट आणि इंच रंगवलेले आहेत. भरती पुरी झाली की पाणी कुठवर आलं ते वाचायचं आणि वहीत टिपायचं. पोराटोरांनाही जमेल असं काम. पण सुकदेव पडला अमळनेरकडचा, जन्मात कधी विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेला. उधन्याला मागावर होता, तिथे उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने हाकलला, मी ठेवून घेतला. चांगुलपणा नडतो तो असा.

पट्टी चिखलात खचली असेल तरी आकडा जास्त दिसेल, हेही आहेच. म्हणून दर सहा महिन्यांनी पलीकडच्या काठावरच्या दगडाच्या खुणेवरून दुर्बीण लावून पट्टी तपासायची असते. मार्चमध्ये तपासल्याची माझी सही आहे. इथे खोटं कशाला लिहू? गेलो नव्हतो. मांडीएवढा चिखल, होडीवाल्याच्या विनवण्या, आणि त्या आठवड्यात बायकोची, उषाची, बहीण आलेली. त्याच्या आधीच्या सप्टेंबरातही गेलो नव्हतो. तेव्हा पुण्याकडे पट्टीचा विषय काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. माणूस चुकतो म्हणावं, विषय संपतो.

१४ जून

खारभाठ्याला जाऊन आलो. डुमसच्या बसमधून उतरून दीड मैल वाळूत पायपीट. चौदा झोपड्यांची वस्ती, सगळी माछीमार मंडळी. वाळूच्या टेकाडामागे दडलेली. त्यांच्यातच शेवटची झोपडी सुकदेवची.

"अरे, तुझा आकडा रोज जास्त कसा?" मी विचारलं.

"माले जेवढं दिखस तेवढंच लिखस मी, साहेब." हात जोडून उभा. तोच चेहरा, तीच अहिराणी.

मी कोष्टक त्याच्या नाकासमोर धरलं. "हे सरकारी छापखान्यात छापलंय. चंद्र-सूर्याचं गणित करून छापलंय. चूक कोणाची असेल? चंद्राची?"

तेवढ्यात त्याची बायको धुरपदाबाई चहा घेऊन आली. बाई धीट आहे. म्हणाली, "साहेब, चूल दोनदा मागे सरकावली मी. बुडाखालची माती वली व्हस." बाईमाणसाला जमिनीची ओल आणि समुद्राची भरती यातला फरक काय कळणार! वस्तीतला म्हातारा मगन तांडेल तिथे जाळं विणत बसला होता, त्यानेही तोंड घातलं, "साहेब, दरियो आघो हतो. हवे घरमां आवे छे." म्हणजे समुद्र लांब होता म्हणे, आता घरात येतो. मी म्हटलं, मग त्याला चहा द्या.

कोणी हसलं नाही. चहा मात्र चांगला होता.

१२ ऑगस्ट, शनिवार

जे व्हायला नको तेच झालं. काल दुपारी सुकदेवने निशाण चढवलं.

पट्टीवर बावीस फुटांना लाल रेघ आहे. पाणी तिथे आलं की त्याने लाल निशाण चढवायचं, पत्र्याचा डबा बडवायचा आणि टेकाडामागच्या लोकांनी सगळं टाकून शाळेच्या उंच जोत्यावर जायचं, असा नियम आहे. कोष्टकात कालची भरती एकवीस फूट आठ इंच. गृहस्थ म्हणतो, बावीस दोन. चौदा घरं, कोंबड्या, बकऱ्या, तान्ही पोरं, सगळे पळाले. मामलेदार कचेरीला निरोप गेला. कचेरी पंधरा ऑगस्टच्या तयारीत, तरी जीप धाडली. आणि झालं काय? पाणी उंबऱ्यांना लागलं आणि गेलं. एक मडकं फुटलं असेल फार तर.

मामलेदार साहेबांनी मला सगळ्या कारकुनांसमोर विचारलं, "देवकुळे, तमारो माणस दारू पीए छे?" कानशिलं तापली माझी. चोवीस वर्षांच्या नोकरीत असा शब्द ऐकला नव्हता. घरी उषाने विचारलं, "पण पाणी उंबऱ्याला लागलं ना? मग त्याचं काय चुकलं?" मी ताटावरून उठलो.

२० ऑगस्ट

सुकदेवला ऑफिसात बोलावून घेतलं. आज रविवार, शिपाईसुद्धा नव्हता, म्हणून मोकळेपणी बोलता आलं. मी ओरडलो नाही. ओरडून ही माणसं सुधारत नाहीत. शांतपणे समोर उभा केला आणि वर्षभराचे आकडे एकेक करून वाचून दाखवले. कोष्टक अमुक, तू तमुक. कोष्टक अमुक, तू तमुक. तीनशे वेळा. दोन तास लागले. शंभराच्या पुढे त्याने मान खाली घातली. दोनशेच्या पुढे म्हणाला, "साहेब, पुरे."

"पुरे नाही. तुझी नजर चढी आहे, सुकदेव. काही लोकांची असते. जे आहे त्यापेक्षा वर दिसतं."

"आजलोंग कोनी सांगं नहीं."

"कोण सांगणार? मागावर कोणी भरती मोजतं का?"

वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच हाताने लिहून घेतलं: माझी नजर सहा इंच चढी आहे. दिसेल त्यातून सहा इंच वजा करून लिहावे. निशाणही वजा करून मगच चढवावे. खाली सही. तीन बोटांत पेन धरून लिहितो, पण अक्षर बरं आहे. दर पहिल्या तारखेला पगाराआधी हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवायचं, असंही ठरवलं. शिस्त अंगात मुरवावी लागते.

जाताना माझ्या पाया पडला. खरं सांगतो, बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

पुण्याचं पत्र. "आकड्यांत समाधानकारक सुधारणा." कोष्टकाशी इंच-दीड इंचाचा फरक, बस्स! मी ते पत्र दोनदा वाचलं आणि उषालाही वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "समुद्राला कळवलं का?"

हिची जीभ.

१४ जानेवारी १९७३, रविवार

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन सुकदेव आणि धुरपदाबाई नानपुऱ्यात घरी आले होते. छपरांवर पतंगवाल्यांचा धुमाकूळ, त्यात हे दोघे दारात उभे. उषाने आत घेतलं, बसवलं. सुकदेव वाळलाय. काही विचारलं की आधी बायकोकडे बघतो.

धुरपदाबाईने उषापाशी गाऱ्हाणं केलं, ते मला आतून ऐकू आलं. "ताई, यास्ले काय व्हई गयं? भाकरी किती, तू मोज. बसचा नंबर, तू वाच. सुईमा दोरा मीच यास्पासून ववाडी लेस, एका दमात ववतस. आन् तरी म्हनतस, मन्ही नजर खोटी शे." उषा म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी बाहेर आलो आणि म्हटलं, "डॉक्टर कशाला? हिशेब बसलाय त्याचा. सहा वजा केले की बरोबर." सुकदेवने लगेच मान हलवली. "हा, साहेबानी रोग धरेल शे."

पगाराच्या दिवशीचं वाक्य आता तो न बघता म्हणतो.

संध्याकाळी मला क्षणभर वाटून गेलं की सप्टेंबरची तपासणी तरी करायला हवी होती. पण आता जाऊन पट्टी खचलेली निघाली तर आधीच्या सह्यांचं काय? आणि खचलेली नाही निघाली तर? ते तर आणखीच वाईट. विचारच नको.

७ ऑगस्ट

मंगळवार. काल खानदेशी लोकांच्या कानबाई देवीचं विसर्जन. लिंबायतहून सुकदेवचा भाऊ पंडित बायकापोरांसह खारभाठ्याला आला होता. सुकदेव आज वही द्यायला आला तेव्हा सांगत होता की मागल्या वर्षी कानबाईला डोक्यावर घेऊन खाडीपर्यंत चाळीस पावलं चालले होते. या वर्षी बारा पावलांत पाणी लागलं. मिरवणूक सुरू व्हायच्या आत संपली, गाणं अर्ध्यात राहिलं, बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

"भरती असेल," मी म्हटलं.

"व्हय साहेब. आन् पावलं मीच मोजी. मन्ही नजर..." असं म्हणून स्वतःच हसला. मीही हसलो. आता त्याचा त्यालाच विनोद करता येतो, हे चांगलं लक्षण आहे.

बढतीच्या यादीत माझं नाव असल्याचं पुण्याहून कळतं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

भाद्रपदातल्या अमावास्येची मोठी उधाणं चालू आहेत, त्यात सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा. संध्याकाळी मामलेदार कचेरीचा माणूस सायकलवरून आला. खारभाठ्यात पाणी शिरलं. किती, विचारलं तर हात डोक्यापर्यंत नेला.

३० सप्टेंबर

पाच माणसं गेली. मगन तांडेलची सून आणि तिच्या दोन मुली, एक आंधळी म्हातारी, आणि धुरपदाबाई.

काल दिवसभर तिथे होतो. वस्ती नाहीच. बांबू, जाळी, एक पलंग उलटा पडलेला. पाणी समोरून आलंच नाही, खाडीला वळसा घालून मागून आलं, शाळेचा रस्ता आधी तोडला आणि मग घरात शिरलं. कळल्यावर पळायला वाटच नव्हती.

सुकदेव पट्टीपाशी बसला होता. वही पोटाशी, कोरडी. मला बघून उभा राहिला आणि वही पुढे केली. तोंडाने सांगू लागला, पाठ म्हणावं तसा. साडेतीनला पाणी बावीस फूट चारवर दिसलं. सहा वजा, एकवीस दहा. निशाणाला दोन इंच कमी. तेव्हा धुरपदाबाई टेकाड चढून आली, पदर वाऱ्यावर धरून.

"तिनी इचारं, निंघानं का? पानी रेघना वर शे, माले दिखस. मी म्हनं, तुले काय समजस, मन्ही नजर चढी शे आन् तुन्ही मन्हापेक्षा चढी. जाय घर, चूल पेटाड." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "ती गयी, साहेब. मन्हं आयकी लिधं तिनी. कधी आयके नहीं ती, त्या दिन आयकं."

चारला पाणी बावीस सहावर आलं. सहा वजा, बावीस पुरे. तेव्हा, नियमाप्रमाणे, त्याने निशाण चढवलं आणि डबा बडवला. मागे वळून बघितलं तर वस्ती पाण्यात.

मी वही उघडली. साडेतीनची नोंद एकवीस दहा. कोष्टकात त्या दिवशीची भरती एकवीस नऊ. एका इंचाचा फरक. एरवी मी शाबासकी दिली असती. मी तिथेच वाळूत बसलो. मग मगन तांडेल आला आणि माझ्या अंगावर थुंकला. कोणी त्याला धरलं नाही.

६ ऑक्टोबर, दसरा

चौकशीला मोठे साहेब आलेत, बरोबर पुण्याची मोजणीची तुकडी. त्यांनी आल्या आल्या पलीकडच्या खुणेवर दुर्बीण लावली. मी काठावर उभा होतो. पट्टी खचलेली निघू दे, असं देवाला म्हणत होतो, मग निसर्गाचा दोष झाला. तास गेला. त्यांच्यातला एक जण चिखलातून वर येत म्हणाला, "शाब्बास देवकुळे. पट्टी बसवल्या दिवसापासून केसभर हललेली नाही. तुमची तपासणी चोख आहे."

म्हणजे सहा इंच पट्टीचे नव्हते.

मग सुकदेवची जबानी झाली. साहेबांनी विचारलं, वजा का करत होतास, कोणी सांगितलं? मी खिडकीशी. माझं नाव आता येणार, हे धरून चाललो होतो. सुकदेव म्हणाला, "कोनी नहीं. मन्ही नजरच खोटी. साहेबानी उलट माले सांभायी लिधं, दुसरानी काढी टाकं असतं." आणि वहीचं पहिलं पान काढून दाखवलं. त्याचं अक्षर, त्याची सही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका इमानी माणूस मी पाहिला नाही. साहेबांनी हुकूम केला की याचे डोळे सरकारी डॉक्टरकडून तपासून घ्या, दाखला माझ्यामार्फत पुण्याला पाठवा, म्हणजे प्रकरण बंद.

१६ ऑक्टोबर

दाखला आला. बंद पाकीट, मीच फोडलं. "दोन्ही डोळ्यांची दृष्टी निर्दोष. वयाच्या मानाने उत्तम."

दुपारभर तो कागद टेबलावर होता. शिपायाने दोनदा चहा आणला, दोनदा गार झाला.

डॉक्टरांनी घाईत बघितलं असेल. सरकारी दवाखान्यातली गर्दी काय आपल्याला माहीत नाही? भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि हलतं पाणी वाचणं वेगळं. पण तिथे बसल्या बसल्या साधा हिशेब डोक्यात आला तो जात नाही. पट्टी ठीक. नजर ठीक. मग उरलं काय? उरलं पाणी. म्हणजे तो दोन वर्षं जे बघत होता ते होतं. म्हणजे समुद्र खरंच वर आलाय, आणि छापील कोष्टक मागल्या काळात राहिलंय. असं पुण्याला लिहायचं तर माझ्याच हाताखालून गेलेले वर्षभराचे आकडे खोडावे लागतील, आणि प्रत्येक खोडलेल्या आकड्याखाली सही माझी. बढतीचा कागद याच महिन्यात निघायचाय.

दाखला खणात ठेवला, कुलूप लावलं. पुण्याला लिहिलं: निरीक्षकाच्या दृष्टीत दोष आढळल्याने उपाय योजण्यात येत आहे. अक्षर सुंदर आलं.

उषाने विचारलं, काय निघालं डोळ्यांत? मी म्हटलं, दोष आहे थोडा. तिने ताट माझ्या पुढ्यात ठेवलं. मग म्हणाली, "अहो, त्याला चष्मा तरी करून द्या मग."

२ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी झाली. बढती झाली. पुढल्या महिन्यात पुण्याला रुजू व्हायचंय. खारभाठ्याची पट्टी चालूच राहणार, वस्ती नसली तरी. सुकदेव सध्या लिंबायतला पंडितच्या खोलीत राहतो. त्याला बोलावून घेतलं. कामावर ठेवतोय म्हटल्यावर रडला. दुसरीकडे कुठे जाऊ साहेब, म्हणाला.

उपाय योजतो असं लिहून बसलोय, तेव्हा उपाय दाखवायला हवा. खणात माझा जुना चष्मा होता, उणे अडीचचा. काचेला जरा चरे पडलेत, पण काडी शाबूत. तो त्याला दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा, आणि डोळ्यांवर चढवला. डोळे बारीक केले, टेबलाचा कोपरा चाचपला. सगळं धुरकट दिसत असणार, मला ठाऊक आहे.

"कसं वाटतं?"

"चांगलं, साहेब. डोकं फिरस जरा. सवय व्हई जाई." मग थांबून म्हणाला, "आते सहा वजा करानं का?"

"नको. आता जे दिसेल तेच लिही."

तो दाराशी गेला, उंबऱ्याला अडखळला, चौकट धरून वळला. चष्म्यामागे त्याचे डोळे अगदी लहान दिसत होते.

"साहेब, हाऊ चष्मा आधी भेटता, तं मन्ही धुरपदा वाची जाती ना?"

मी हो म्हटलं.